काकूच्या हातचा दुधी

एका जंगलात, मुलांनो, भाज्या पुष्कळ होत्या आणि त्या खाणारी मुलं अगदी थोडी होती. खरं सांगायचं तर एकही नव्हतं.

जंगल फार जुनं. पण त्याच्या कडेने माणसांचा एक डांबरी रस्ता गेला होता. रस्त्यावरून मोटारी जात आणि मोटारींच्या खिडक्यांतून वेफर्सच्या पुड्या बाहेर पडत. काही रिकाम्या असत, काही निम्म्या भरलेल्या. माकडं त्या गोळा करून आणत आणि वाटून टाकत. जंगलातली सगळी बाळं त्या पुड्यांवर वाढत होती. वाढत होती असं आपलं म्हणायचं.

या जंगलात कालिंदी नावाची एक अस्वलीण राहायची. मोठी सुगरण. गुहेच्या मागे तिने मळा केला होता. दुधी, दोडके, पडवळ, मेथी, एका बाजूला कारल्याचा वेल. पावसाळ्यात टाकळा आणि करटोली ती डोंगरावरून आणायची. तिने फोडणी घातली की वरच्या फांदीवरचा धनेश वैद्य पेशंटची नाडी सोडून खाली बघत बसायचा.

कालिंदीला एकच मुलगा. त्याचं नाव झिपरू. झिपरू भाजी खात नसे.

कसा खात नसे, ते तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीही त्यातलेच. आधी तो भाजीकडे बघायचा, मग आईकडे. मग म्हणायचा, "यात काहीतरी हिरवं आहे."

"भाजी हिरवीच असते रे बाळा."

"मग मला नको."

कालिंदीने सगळे उपाय केले. थालीपिठात मेथी लपवली. झिपरूने एकेक पान वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावलं. भाकरीवर दोडक्याच्या चकत्यांचं अस्वल काढलं. झिपरूने अस्वलाचे डोळे, नाक, कान उचलून बाजूला ठेवले आणि भाकरी खाल्ली. मग तिने नवऱ्याला मधे घातलं. नवऱ्याचं नाव भालोजी. भालोजी गंभीर चेहरा करून म्हणाला, "खा रे. भाजी खाल्ली की ताकद येते." आणि बोलता बोलता स्वतःच्या पानातला दुधी त्याने हळूच पानाखाली सरकवला. झिपरूने ते पाहिलं. मुलं असल्या गोष्टी बरोबर पाहतात.

एक दिवस मधाच्या झाडावर चढायची सगळ्या पोरांची शर्यत होती. झिपरू निम्म्या झाडापर्यंत गेला, धापा टाकायला लागला आणि घसरत खाली आला. सशाची पोरं हसली. ससे झाडावर चढत नाहीत, तरी हसली. झिपरू घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. 

तिने धनेश वैद्यांना बोलावलं. वैद्यांनी चोचीने झिपरूचं पोट ठोकून पाहिलं, जीभ पाहिली, डोळे पाहिले.

"या मुलाच्या आत हिरवं काहीच नाही," ते म्हणाले. "थंडीच्या आत भाजी सुरू झाली नाही, तर मला विचारायला येऊ नका."

जंगलात बालपोषण समिती होती. गवेसाहेब तिचे अध्यक्ष आणि एक तरस चिटणीस. समितीने या प्रश्नावर काही केलं नाही असं नाही. तिने प्रभातफेरी काढली. सगळी पोरं "पालक खा, मेथी खा" असं ओरडत जंगलभर फिरली. फेरी संपल्यावर पोरं दमली, म्हणून समितीने प्रत्येकाला वेफर्सची एकेक पुडी दिली.

म्हणजे सगळं जसंच्या तसं राहिलं. आणि मग सुनेत्रा हरिणीचा पाय मुरगळला.

सुनेत्रा कालिंदीची शेजारीण. पलीकडच्या बांबूच्या बेटात आपल्या टिपकू नावाच्या पाडसाबरोबर राहायची. दिसायला देखणी, बोलायला मधाळ, घर कसं आरशासारखं. स्वयंपाकात मात्र तिला गती नव्हती. ती गवत वाढायची आणि त्यावर एक फूल ठेवायची. एकदा पळताना तिचा पाय साळिंदराच्या बिळात गेला आणि पंधरा दिवस तिला जागचं हलता येईना. शेजारधर्म म्हणून कालिंदी रोज तिला वाडगाभर भाजी नेऊन द्यायला लागली. पोरं शाळेत असताना मागच्या वाटेने जायची आणि वाडगा ठेवून यायची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी झिपरू सुनेत्राकडून खेळून आला. मिशांना काहीतरी लागलं होतं.

"आई," तो म्हणाला, "सुनेत्राकाकूने दुधी केला होता. मी दोनदा घेतला."

कालिंदीच्या हातातला डाव खाली पडला.

"तू दुधी खाल्लास?"

"टिपकू खात नव्हता. म्हणाला, आईची भाजी मला आवडत नाही. मग काकू मला म्हणाली, तू घे. दुसऱ्याच्या घरी नको म्हणायचं नाही असं तूच सांगितलंयस ना? म्हणून घेतला. आणि आई, काय लागत होता! तुला तसा का येत नाही?"

मुलांनो, तो दुधी कालिंदीचाच होता. तिनेच सकाळी केलेला. त्याच पातेल्यातला उरलेला दुधी झिपरूच्या समोर चुलीवर होता. ती तसं म्हणणारही होती. ओठापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तिला धनेश वैद्यांची चोच आठवली. ती म्हणाली, "नाही बाबा येत मला. उद्याही जा हो काकूकडे."

दुसऱ्या दिवशी वाडगा ठेवताना तिने सुनेत्राला सगळं सांगितलं. सुनेत्रा कानापर्यंत लाजली.

"अगंबाई! मी आजच सांगते त्याला, ही तुझ्या आईचीच भाजी म्हणून."

"खबरदार!" कालिंदी म्हणाली. "एक अक्षर बोलायचं नाही. खातोय ना? खाऊ दे. नाव तुझं असलं काय नि माझं असलं काय, पोटात गेल्याशी कारण."

असं ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिला तसंच वाटत होतं.

महिनाभरात झिपरूच्या अंगावर तकाकी आली. तो मधाच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत चढला आणि वरून त्याने सशाच्या पोरांना हाका मारल्या. सशीण ते बघायला आली होती. तिने विचारलं, "याला काय घालता हो?" झिपरूच वरून ओरडला, "सुनेत्राकाकूच्या हातची भाजी!"

झालं. सशीण आपली सात पोरं घेऊन सुनेत्राकडे आली. मग केतकी वानरीण आपल्या दोघांना घेऊन आली. मग रानडुकरीण आली. रोज दुपारी बांबूच्या बेटात पंगत बसायला लागली. पळसाच्या पानावर भाजी, वर एक फूल. सगळी पोरं पानं चाटूनपुसून खायची. एक टिपकू तेवढा पान सरकवून म्हणायचा, "आईची भाजी मला आवडत नाही."

आणि कालिंदी? वाडग्याचं पातेलं झालं, पातेल्याचा हंडा झाला. ती पहाटे उठून मेथी निवडायची. भालोजी पाणी आणायचा आणि कुरकुरायचा. पोरं शाळेत गेली की दोघं तो हंडा मागच्या वाटेने बांबूच्या बेटात पोचवायची. भालोजी म्हणायचा, "चोरी करणारेसुद्धा याहून उजळ माथ्याने फिरतात." कालिंदी म्हणायची, "चल मुकाट्याने."

सुनेत्राचा पाय केव्हाच बरा झाला होता. ती रोज म्हणायची, "ताई, आता सांगून टाकू या का?" मग दोन दिवसांआड म्हणायला लागली. मग म्हणेनाशी झाली.

कारण बायका तिला विचारायला लागल्या होत्या. भाजी अशी कशी होते? पहिल्यांदा ती गप्प बसली. दुसऱ्यांदा म्हणाली, "काही नाही हो, साधीच असते." तिसऱ्यांदा म्हणाली, "मेथी निवडताना मी मनात कुणाबद्दल वाईट आणत नाही." कालिंदी तिथेच होती. तिने ते ऐकलं. मेथी तिने निवडली होती, आणि निवडताना मनात बरंच काही आणलं होतं.

एकदा तर सुनेत्रा तिलाच म्हणाली, "ताई, कालचं पडवळ जरा जास्त शिजलं होतं का? मुलं काही बोलली नाहीत, पण मला आपलं वाटलं."

कालिंदीने हंडा खाली ठेवला. पाच आकडे मोजले. अस्वलांना पाचच येतात. मग म्हणाली, "उद्या बघते हं."

हे सगळं समितीच्या कानावर गेलं. गवेसाहेबांनी ठरवलं की सुनेत्राला 'आदर्श पोषणमाता' हा पुरस्कार द्यायचा. मोठ्या कातळावर समारंभ ठेवला. सगळं जंगल जमलं. पुढे पोरांची पंगत मांडली, म्हणजे ती भाजी खातात हे सगळ्यांना दिसावं. त्या दिवशी मुद्दाम कारलं ठेवलं होतं. कारलं खाल्लं की कुणाला शंका घ्यायला जागा उरणार नाही.

कारलं अर्थातच कालिंदीने केलं होतं. गूळ घालून, तीळकूट घालून, मंद आचेवर. सकाळभर ती चुलीपाशी होती. समारंभात तिला चौथ्या रांगेत जागा मिळाली, रानडुकरिणीच्या मागे.

गवेसाहेब बोलले. बराच वेळ बोलले. सुनेत्राच्या खांद्यावर शाल घातली. मग चिटणीस तरस पंगतीतल्या पोरांजवळ गेला. प्रत्येक घासाला हसत होता. तो झिपरूपाशी थांबला.

"काय झिपरूशेठ, कसं आहे कारलं?"

"मस्त!" झिपरू तोंडभर घास घेऊन म्हणाला.

"आई घरी करते की नाही कारलं?"

"करते ना."

"मग या काकूंच्या कारल्यात आणि आईच्या कारल्यात फरक काय रे?"

झिपरूने विचार केला. प्रामाणिक मुलगा होता.

"आईचं कडू असतं," तो म्हणाला.

सगळं जंगल हसलं. तरस तर कातळावर लोळला. आणि स्टेजवरून सुनेत्रा अगदी प्रेमाने म्हणाली, "असू दे हो. एकेकीच्या हाताला नसते चव. त्यात बिचारीचा काय दोष?"

ती हे वाईट मनाने म्हणाली नाही. तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं. पण कालिंदी उभी राहिली. 

"ते कारलं माझं आहे!" ती गरजली. "दुधी माझा होता! मेथी माझी, पडवळ माझं, करटोली माझी! चार महिने मी करतेय आणि ही फूल ठेवतेय!"

 तरसाचंसुद्धा हसू थांबलं.

गवेसाहेब न्यायी होते. त्यांनी सुनेत्राला विचारलं, "बाई, या कारल्यात काय काय घातलंय, सांगता का?"

सुनेत्राने कारल्याकडे पाहिलं. मग कालिंदीकडे पाहिलं. तिचे मोठे डोळे भरून आले.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "ताई खरं बोलतायत. मी सांगणारच होते. रोज वाटायचं, उद्या सांगू. पण मला आजवर कुणी स्वयंपाकाला चांगलं म्हटलं नव्हतं हो. सवय लागली."

तिने स्वतःच्या हाताने शाल काढली आणि कालिंदीकडे आणली. हरिणीच्या मापाची शाल ती. अस्वलिणीच्या खांद्यावर रुमालासारखी दिसत होती. पण टाळ्या इतक्या झाल्या, इतक्या झाल्या की वडावरचे सगळे बगळे उडाले. कालिंदीला वाटलं, आपण तरंगतोय.

तरंगतच तिने पंगतीकडे बघितलं.

झिपरूच्या तोंडात घास होता. पण तो चावत नव्हता. तो आईकडे बघत होता. त्याने घास एका गालातून दुसऱ्या गालात नेला. मग खाली वाकून, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, पानाच्या कडेला काढून ठेवला.

"कडू आहे," तो म्हणाला.

घरी जाताना भालोजीने रिकामा हंडा डोक्यावर घेतला. मग म्हणाला, "सांगायला कशाला गेलीस?"

"कडू म्हणाला रे तो. सगळ्यांसमोर."

"अगं, कारलं होतं ते."

 कालिंदीने शाल घट्ट ओढून घेतली. ती आणखी घट्ट होण्यासारखी नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून पंगत कालिंदीच्या गुहेसमोर बसायला लागली. सशाची सात पोरं आली. केतकीची दोघं आली. रानडुकराची आली. सगळ्यांनी "कालिंदीकाकू, कालिंदीकाकू" करत दोन-दोन वेळा घेतलं. टिपकू तर सगळ्यांच्या आधी येऊन बसला. त्याने तीनदा दोडका मागितला. जाताना म्हणाला, "काकू, आमच्या आईला अशी येत नाही."

सुनेत्रा कुंपणाशी उभी होती. तिने ऐकलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हसावं की रडावं ते दोघींनाही कळेना, म्हणून दोघींनी चहा घेतला.

नाव झालं, मान मिळाला, जंगलातली सगळी मुलं कालिंदीच्या हातची भाजी खाऊन गलेलठ्ठ झाली. एक सोडून. झिपरू पंगतीपासून लांब, गुहेच्या दारात बसायचा. मांडीवर वेफर्सची पुडी. कालिंदी पान घेऊन गेली की म्हणायचा, "मला माहितीये ती कुणाची आहे."

तिने समजावलं. "अरे, चार महिने हीच खाल्लीस ना?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

त्याच्या अंगावरची तकाकी गेली. थंडी जवळ आली. धनेश वैद्य वरच्या फांदीवरून नुसते बघायचे आणि मान हलवायचे. कालिंदी सगळ्या जंगलाच्या पोरांना वाढायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. शाल तिने पेटीत ठेवून दिली. तिच्याकडे बघवेना.

अशातच एका दुपारी पंगत संपली तरी झिपरू दारात दिसेना. पुडी तशीच पडली होती, न फोडलेली. कालिंदी हाका मारत निघाली. नाल्यापर्यंत गेली, मधाच्या झाडापर्यंत गेली. शेवटी तिला केतकी वानरिणीच्या उंबराखाली झिपरूची पाठ दिसली.

केतकीला स्वयंपाक येतो असं तिच्या नवऱ्यानेही कधी म्हटलं नव्हतं. तिची पोरं कालिंदीकडे जेवून आली होती आणि केतकीने लाल भोपळा केला होता तो तसाच पडून होता. खालून करपलेला, वरून कच्चा. झिपरूने सहज विचारलं होतं, काय केलंय? केतकीने सहज वाढला होता. आणि आता झिपरू तो खात होता. मान खाली घालून, बोटं चाटून.

"आई!" तो म्हणाला. "केतकीकाकूचा भोपळा खाऊन बघ!"

केतकी फांदीवरून घाईघाईने खाली उतरली. जंगलातली सगळ्यात मोठी सुगरण दारात आली होती.  केतकीने पानावर थोडा भोपळा घातला आणि कालिंदीपुढे धरला.

"ताई, तुम्हीच सांगा. खरं खरं सांगा हं. मला राग नाही यायचा."

कालिंदीने घास घेतला. मीठ दोनदा पडलं होतं. मोहरी कच्ची होती. एक बी दाताखाली कडकन फुटली. झिपरू चावायचा थांबला होता आणि आईच्या तोंडाकडे बघत होता. केतकीही बघत होती.

कालिंदीने घास गिळला. अख्खा गिळला.

"केतकी," ती म्हणाली, "मला नाही गं असा जमायचा. जन्मात नाही."

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. झिपरूने खुशीत मान डोलवली.

"बघ! आणि हिला तर मेथीपण येते," तो आईला म्हणाला आणि त्याने पान केतकीपुढे धरलं. "काकू, अजून."

कालिंदी उंबराच्या मुळावर बसली आणि पोरगं जेवेपर्यंत बसून राहिली. मग केतकीला बाजूला घेऊन म्हणाली, "केतकी, उद्याही करशील का गं? मसाला वगैरे काही लागला तर माझ्याकडून ने." आणि जरा थांबून म्हणाली, "मागच्या वाटेने ये."

तात्पर्य, मुलांनो : नेहमी खरं बोलावं. पण समोर कुणी भाजी खात असेल, तर त्याचा शेवटचा घास गिळून होईपर्यंत थांबावं.